सव्वीस नंबरचे दात

दवाखाना विकत घेतला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय मिळणार, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला फिरून दाखवलं होतं. तीन खुर्च्या, एक्स-रेचं मशीन, माशांची काचेची पेटी, कपाटभर फायली. दाराशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आणि हो, हॉकीची टीमही याच्याबरोबरच येते."

मला वाटलं, टीमचे खेळाडू दात दाखवायला इथेच येतात, एवढंच त्यांना सांगायचं असेल. मी मान हलवली. ती एक मान हलवणं मला पुढची चौदा वर्षं पुरलं.

आमचं शहर पेन्सिल्व्हेनियातलं, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून गाडीने दोनेक तासांवर. एक नदी, बंद पडलेले बरेच कारखाने, चालू असलेला एक, एक मोठं हॉस्पिटल आणि आइस हॉकीचं स्टेडियम. टीम दुय्यम लीगमधली. म्हणजे खेळाडू पगारी, खेळ हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा, पण टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगच्या एक पायरी खालचे. वरच्या टीममध्ये कुणी जखमी झालं, की इथल्या एखाद्याला फोन जातो आणि तो बॅग भरून निघतो. तो फोन येईल म्हणून सगळे खेळत असतात. बहुतेकांना तो कधीच येत नाही.

टीमची डेंटिस्ट म्हणून माझं काम असं, की घरच्या प्रत्येक मॅचला मी स्टेडियममध्ये हजर असायचं. बदल्यात दोन फुकट तिकिटं. मी नागपूरची. वयाची सेहेचाळीस वर्षं उलटली तरी हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान आणि वाकड्या काठ्याच यायच्या. नवऱ्याला विचारलं, येतोस का. तो त्या चालू असलेल्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि त्याचा खेळ म्हणजे फक्त क्रिकेट. थंडी फार असते म्हणून तो आधी नको म्हणाला, पण तिकीट फुकट आहे म्हटल्यावर कानटोपी शोधायला लागला.

पहिली मॅच रविवारी दुपारची होती. बर्फावर माणसं इतक्या वेगाने इकडून तिकडे जात होती की मला पक दिसतच नव्हता. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती. ती आधी फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे बर्फावर उड्या मारत नाही, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी त्यांना विचारणारच होते की ती लागली तर काय होतं, तेवढ्यात समोर आमच्या टीमचा एक उंच खेळाडू आडवा पडला, सगळे "ओह" म्हणाले आणि टीमचा ट्रेनर जिने चढत थेट माझ्या दिशेने येताना दिसला. ट्रेनर म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस. बुटका, टक्कल पडलेला, सदैव च्युइंगगम चघळणारा.

"डॉक, तुमचं काम आलंय," एवढंच तो म्हणाला.

खाली एका खोलीत टेबलावर तो खेळाडू बसला होता. पाठीवर सव्वीस नंबर. वय बावीस, हे मला नंतर कळलं. वरचा पटाशीचा एक दात मुळापाशी तुटलेला, शेजारचा अर्धा उडून आतली नस उघडी पडलेली, ओठ फाटलेला. इतकी दुखापत झालेला माणूस माझ्या खुर्चीत आतापर्यंत एकदाच आला होता, तो मोटारसायकलवरून पडलेला, आणि तो ओरडत होता. हा मात्र हातात टॉवेल धरून टेबलावर सांडलेलं रक्त पुसत होता आणि माझी माफी मागत होता.

मी भूल दिली. उघड्या नसेवर तात्पुरतं सिमेंट लावलं, मोडक्या दाताचे तुकडे काढले आणि ओठाला पाच टाके घातले. तोंड मोकळं झाल्याबरोबर त्याने विचारलं, "किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, रूट कॅनालला दोन बैठका लागतील आणि नवीन दात बसवायला...

"नाही, मला परत जायला किती वेळ लागेल? शेवटची वीस मिनिटं राहिलीत."

मी ट्रेनरकडे पाहिलं. तो मन लावून च्युइंगगम चघळत होता. मी सांगितलं की माझं मत विचाराल तर यानं घरी जावं, सूप प्यावं आणि झोपावं. सव्वीस नंबरने ते सगळं अगदी आदराने ऐकून घेतलं, माझे आभार मानले, चेहरा पूर्ण झाकणारी जाळी लावली आणि गेला. मी वर येऊन बसले तेव्हा तो पुन्हा एका पकसमोर आडवा पडला होता. नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात क्रिकेट दोन नंबरवर गेलं.

हा माणूस सारखा आडवा का पडतो, हे नवऱ्यानेच आठवडाभर वाचून मला समजावलं. सव्वीस नंबर डिफेन्समन होता. गोल करणारे वेगळे. डिफेन्समनचं काम गोल होऊ न देणं. समोरच्याला कडेला रेटायचं, पक हिसकावून आपल्या माणसाकडे द्यायचा आणि काहीच जमलं नाही तर स्वतःचं अंग मध्ये घालायचं. नवऱ्याचं म्हणणं असं, की चांगला डिफेन्समन ओळखायचा कसा, तर तो बर्फावर असताना काही घडत नाही. गोल करणाऱ्याचं नाव स्पीकरवरून तीनदा पुकारतात, पण न झालेल्या गोलासाठी नाव कुणाचं पुकारणार? हे मला एकदम पटलं. दातांच्या डॉक्टरचंही तसंच असतं. सगळं नीट केलं तर पेशंटला काही आठवतच नाही.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो रूट कॅनालला दवाखान्यात आला, आणि तेव्हा कळलं की तो माझ्या ड्रिलच्या आवाजाला घाबरतो. इंजेक्शनला नाही, दुखण्याला नाही, फक्त त्या आवाजाला. खुर्चीचे हात त्याने असे धरले होते की मला खुर्चीचीच काळजी वाटायला लागली. थोडं थांबून म्हणाला, मघाशी तुम्ही फोनवर कुणाशी तरी वेगळ्या भाषेत बोलत होता, ते ऐकायला बरं वाटत होतं, तसंच काहीतरी बोलत राहाल का? फोनवर माझी बहीण होती. आता एका परक्या माणसाशी मराठीत बोलायचं तरी काय? मी भरली वांगी कशी करायची ते सांगायला सुरुवात केली. वांगी लहान घे, देठ कापू नकोस, शेंगदाण्याचं कूट जाडसर ठेव, गूळ विसरू नकोस. मध्येच तो दचकला की "झालं, झालं" म्हणायचे. तासाभरात वांगी शिजली आणि दातही साफ झाला.

पुढे तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा मी एकेक पदार्थ सांगत गेले. त्याला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण "झालं, झालं" त्याने उचललं. दोनेक वर्षांनी मी बेंचच्या मागून जात होते, तर गोलकीपरला गोल बसला होता आणि सव्वीस नंबर त्याच्या हेल्मेटवर थापटी मारत म्हणत होता, "झालं, झालं." ट्रेनरने मला खाजगीत विचारलं की हा शब्द नक्की कुठला, कारण आता अर्धी टीम तो वापरते.

पडलेल्या दातांच्या जागी पक्के दात बसवायचे नाहीत, असं आम्ही दोघांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. खेळत आहे तोवर ते पुन्हा पडणारच. म्हणून मी त्याला काढता-घालता येणारी छोटी कवळी करून दिली. आधी एका दाताची होती, तिसऱ्या वर्षी दोन दातांची झाली, पाचव्या वर्षी तीन. मॅचला जाताना तो ती काढून डबीत ठेवायचा. डबी कुठे ठेवली ते मात्र त्याला कधीच आठवायचं नाही. एक कवळी बसमध्ये राहिली, एक हॉटेलच्या बाथरूममध्ये, एक नॅपकिनमध्ये गुंडाळून त्यानेच कचऱ्यात टाकली. शेवटी मी त्याच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा, त्यावर पेनने सव्वीस लिहून, कपाटात कायमचा ठेवून दिला.

तो साचा सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो त्याच्या लग्नात. मुलगी आमच्याच शहरातली, बालवाडीत शिकवणारी, ठेंगणी, आणि कुठलीही गोष्ट हसत सांगणारी. लग्न शनिवारी, आणि गुरुवारी दुपारी तिचा दवाखान्यात फोन. आधी बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज. मग कळलं की त्यांच्या कुत्र्याने कवळी खाल्ली. कुत्रा ठीक होता. मी शुक्रवारचे सगळे पेशंट पुढे ढकलले, साचा काढला आणि एक नाही, दोन कवळ्या केल्या. दुसरी नवऱ्या मुलाच्या भावाच्या खिशात.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो होतो. मी जांभळी पैठणी नेसले होते. माझ्या शेजारी मुलीची आजी बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या? मी म्हटलं, मी दातांकडची. आजीला ते इतकं आवडलं की नंतर जेवताना तिने सगळ्या टेबलांवर माझी तशीच ओळख करून दिली.

ही झाली त्याची पहिली सहा वर्षं. तोपर्यंत तो टीममधला भरवशाचा माणूस झाला होता, पण वरून फोन काही आला नव्हता. त्याच्यापेक्षा लहान मुलं वर जाऊन आली, काही तिकडेच राहिली. तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायचा. पण स्वतःच्या नावाचा विषय निघाला की म्हणायचा, बघू.

तो फोन आला तेव्हा तो माझ्या खुर्चीत होता.

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे दहा. खालची दाढ दुखत होती म्हणून आला होता. मी भूल दिली होती, निम्मा जबडा बधिर, दाढ उघडी, तोंडात कापूस. छातीवरच्या रुमालाखाली त्याचा फोन वाजायला लागला. मी सहसा पेशंटला फोन घेऊ देत नाही. पण त्याने स्क्रीन बघितली आणि त्याचे डोळे असे झाले की मी हात मागे घेतला. त्याने फोन कानाला लावला, ऐकलं आणि बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं "आ... आ..." आलं. तिकडचा माणूस बहुतेक दोनदा विचारत होता, ऐकू येतंय का. शेवटी त्याने फोन माझ्यापुढे धरला.

मी ग्लोव्ह काढून फोन घेतला. म्हटलं, "मी यांची डेंटिस्ट बोलतेय. ते माझ्या खुर्चीत आहेत आणि आत्ता त्यांना बोलता येत नाही."

तिकडे आमच्या टीमचे कोच होते. ते म्हणाले, "त्याला सांगा, उद्या संध्याकाळी तो वर खेळतोय. अडीचच्या विमानात बसायचंय. जमेल का विचारा."

मी त्याच्याकडे वळले आणि मराठीतच म्हणाले, "अरे, तुला बोलावलंय." मग भानावर येऊन इंग्रजीत सांगितलं. तो मान हलवत होता. हलवतच राहिला. कापूस तोंडात, डोळ्यांतून पाणी, आणि मान वर-खाली.

"हो म्हणतायत," मी कोचना सांगितलं. "दहा मिनिटांत सोडते."

नऊ मिनिटांत मी ती दाढ तात्पुरती बंद केली. माझ्या असिस्टंटने त्याचा कोट हातात धरून दार उघडून ठेवलं होतं. वेटिंग रूममध्ये बसलेल्या एका निवृत्त पोस्टमनला काय झालंय ते कळलं, तेव्हा त्याने उठून त्याला सॅल्यूट केला. मी मागून ओरडत राहिले, दोन तास काही चावू नकोस, जीभ चावली जाईल. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्या माणसाला माझ्याकडून मिळालेला आशीर्वाद तो एवढाच.

पुढच्या रविवारी त्या मोठ्या टीमची मॅच न्यूयॉर्कच्या बाजूला होती. नवऱ्याने तिकिटं काढली. आमची मुलगी जर्सी सिटीत राहते आणि रोज मॅनहॅटनला कामाला जाते, तिलाही ओढलं. आईबाबांच्या या हॉकीच्या वेडाची ती कायम चेष्टा करायची. गाडीत तिने विचारलं, "सो, इज ही एनी गुड?" नवऱ्याने त्यावर नदीखालचा पूर्ण लिंकन बोगदा संपेपर्यंत उत्तर दिलं.

आम्ही छताजवळ बसलो होतो. तिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसत होते, पण सव्वीस नंबर मी चालण्यावरून ओळखला, म्हणजे घसरण्यावरून. तिकडे त्याचा नंबर वेगळा होता, कारण सव्वीस आधीच दुसऱ्या कुणाचा तरी होता. पहिला तासभर तो अगदी नेहमीसारखाच खेळला. तो असताना काही घडलं नाही. मग समोरच्याने मारलेला पक अडवायला तो मध्ये गेला, पक त्याच्या स्केटला लागून वळला आणि त्याच्याच टीमच्या गोलमध्ये गेला.

मागच्या रांगेतला एक माणूस मोठमोठ्याने त्याला नावं ठेवायला लागला. माझा नवरा आयुष्यात कुणाशी भांडलेला नाही. बिलात चूक निघाली तरी मला पुढे करतो. तो सावकाश उठला, मागे वळला आणि त्या माणसाला अतिशय शांतपणे सांगायला लागला, की पकचा वेग किती होता, कोन कसा बदलला आणि डिफेन्समन मध्ये आला नसता तर तो पक कुठे गेला असता. कारखान्यातल्या नव्या इंजिनियरांना समजावतात तसं. तो माणूस शेवटी म्हणाला, "ओके सर." मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. पण मॅच संपल्यावर आम्ही खाली कठड्यापाशी गेलो तेव्हा तीच सगळ्यात पुढे उभी राहून त्याला हात करत होती. त्याने आम्हाला पाहिलं. हसला नाही, पण स्टिक उचलून दाखवली.

एकूण नऊ मॅच तो वर खेळला. मग जखमी झालेला खेळाडू बरा होऊन परत आला आणि हा खाली आला.

त्याच आठवड्यात तो दाढ पक्की भरून घ्यायला आला. मी पदार्थ सांगायला सुरुवात केली, तर त्याने हात वर केला. आज नको. म्हणून मी गप्प राहून काम केलं. भरून झाल्यावर खुर्ची सरळ केली तरी तो उठेना. म्हणाला, काही लोक नऊच मॅच म्हणतात, काही जण नऊ मॅच मिळाल्या म्हणतात, आणि मला स्वतःला एका सकाळी हे वाटतं, दुसऱ्या सकाळी ते.

मग मी त्याला माझं सांगितलं. हे मी इथे फारसं कुणाला सांगितलेलं नाही. नागपूरला माझा स्वतःचा दवाखाना होता, लहानसा, पण चालणारा. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझी डिग्री चालत नव्हती. परीक्षा देऊन पुन्हा कॉलेजात जागा मिळेपर्यंत चार वर्षं मी एका डेंटिस्टच्या हाताखाली असिस्टंट होते. तो हात पुढे करायचा आणि मी त्यात आरसा ठेवायचे, चिमटा ठेवायचे. त्याचं काही चुकताना दिसलं तरी बोलायचं नाही. घरी पत्रात मात्र लिहायचे, दवाखान्यात जाते.

त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "असिस्टंट म्हणून चांगल्या होता?"

मला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. मी विचार केला. "हो," मी म्हटलं. "फार चांगली होते. त्याने हात पुढे करायच्या आधी वस्तू तयार असायची."

"मग ती वर्षं काही वाया नाही गेली," तो म्हणाला, आणि रुमाल काढून माझ्या हातात देऊन उठला. धीर द्यायला मी बसले होते आणि देऊन गेला तो. त्या दिवशी घरी जाताना मी उगाचच नदीच्या बाजूने लांबून गेले.

त्यानंतर तो पुन्हा वर गेला नाही. पुढच्या वर्षी त्याला कप्तान केलं. नवीन आलेल्या खेळाडूंना तो माझ्याकडे स्वतः घेऊन यायचा, आणि मी काम करत असताना बाहेर माशांच्या पेटीसमोर बसून राहायचा. त्याला दोन मुली झाल्या. मोठीचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तो दाखवायला ते सगळे दवाखान्यात आले होते, आणि बापाचे दात काढून टेबलावर ठेवता येतात याचा तिला इतका अभिमान होता की तिने माझ्यासमोर ते काढून दाखवायला लावले.

छत्तिसाव्या वर्षी खांद्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि त्याने थांबायचं ठरवलं. शेवटची मॅचही रविवारी दुपारचीच होती. पुतळा नाही, फटाके नाहीत. दुय्यम लीगमध्ये तसलं काही नसतं. मॅच संपल्यावर दोन्ही टीमच्या लोकांनी काठ्या बर्फावर आपटल्या, स्पीकरवरून त्याचं नाव घेतलं आणि लोक उभे राहिले. तो घसरत मध्यभागी गेला, गोल फिरला आणि काय करावं ते न सुचून त्याने ग्लोव्ह काढून डोकं खाजवलं. माझ्या शेजारी नवरा टाळ्या वाजवत होता. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, पण तो ती थंडीमुळे आहे म्हणाला.

मी त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. दवाखाना घ्यायला एक तरुण जोडपं तयार होतं. पण आता त्याचे पक्के दात बसवायची वेळ आली होती. हाडात स्क्रू बसवायचा, तो धरेपर्यंत महिनोन्महिने थांबायचं, मग त्यावर दात. मी त्या जोडप्याला सांगितलं, आठ महिने थांबा, माझं एक काम राहिलंय. ते थांबले. खेळता खेळता तो वरचे चार आणि खालचा एक, एवढे दात घालवून बसला होता. त्या आठ महिन्यांत तो दर काही आठवड्यांनी यायचा आणि माझी पदार्थांची यादी संपत आली. शेवटी शेवटी मी त्याला साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा सांगत होते. खरं तर दात बसल्यावर मी आरसा दिला तेव्हा काहीतरी मोठं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, मी माझ्या भावासारखा दिसतोय. तो भाऊ त्याला फारसा देखणा वाटत नसावा, कारण बायको म्हणाली, सवय होईल.

मी निघताना टीमचा विषय निघाला. त्या तरुण जोडप्याला खुर्च्या, मशीन, मासे सगळं दाखवून झाल्यावर मीच त्यांना सांगितलं की रविवार मोकळे ठेवा, आणि उबदार मोजे घ्या. आमची दोन तिकिटं आता त्यांच्याकडे गेली. आम्ही तिकिटं काढून जातो.

तो हल्ली शहराच्या अग्निशमन दलात आहे. खांद्यामुळे शिडीवरची कामं कमी, गाडीवरची जास्त. आणि शनिवारी सकाळी त्याच स्टेडियममध्ये तो मोठ्या माणसांना स्केटिंग शिकवतो, ज्यांनी आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवला नाही अशांना. गेल्या हिवाळ्यात त्याने आम्हा दोघांची नावं आम्हाला न विचारता घातली. मी बासष्टची, नवरा सहासष्टचा. मी म्हटलं, हाडं मोडतील. तो म्हणाला, "डॉक, पडायचं कसं ते मी पहिल्याच दिवशी शिकवतो. मला त्यातलं जरा कळतं."

पहिल्या दिवशी खरोखर तासभर नुसतं पडायलाच शिकवलं. गुडघे वाकवा, बाजूवर जा, हात टेकू नका. नवऱ्याला ते इतकं जमलं की तो न सांगताही पडायला लागला. मग लहान मुलांसाठी असतात ते प्लॅस्टिकचे पेंग्विन आणले, कमरेएवढे, ते धरून ढकलत पुढे जायचं. चौदा वर्षं डिफेन्सची चर्चा करणारा माझा नवरा एका पेंग्विनला घट्ट धरून अर्ध्या रिंकवर उभा होता आणि पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता.

मी पेंग्विन घेतला नाही. कठड्याला धरून धरून निघाले. कुठेतरी वळणावर हात सुटला आणि बारा-पंधरा पावलं मी कशालाही न धरता गेले. मागे त्याच्या स्केटचा आवाज येत होता, तो जवळ होता पण धरत नव्हता. "हळू, गुडघे वाकलेले ठेवा," एवढंच म्हणत होता. समोर बर्फ पांढरा, नुकता पुसलेला, आणि त्यावर एकही ओरखडा नव्हता. नंतर मी पडले, बाजूवर, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि उठता येईना म्हणून तिथेच बसून हसत राहिले. नवऱ्याने लांबून विचारलं, लागलं का गं? मी नाही म्हटलं. त्याला पेंग्विन सोडून येता येत नव्हतं, म्हणून त्याने तिथूनच हात हलवला.